सुमित्राताई महाजन यांचा राष्ट्रीय सन्मान

प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या सायंकाळीं दरवर्षीं दिल्लीहून एक यादी प्रसिद्ध होते, आणि दुसऱ्या दिवशीं आपण झेंडावंदनास जमतों तोंपर्यंत ती वर्तमानपत्रांतून घरोघरीं पोंचलेली असते. कोणास काय मिळालें याची चर्चा दोन दिवस चालते व मग ती यादी विस्मृतींत जाते. ती कोण तयार करतें आणि तिच्यांतील मानाचा नेमका अर्थ काय, याची माहिती मात्र फार थोड्यांस असते. २५ जानेवारी २०२१ रोजीं प्रसिद्ध झालेल्या यादींत एकंदर ११९ नांवें होतीं. त्यांत पद्मविभूषण ७, पद्मभूषण १० व पद्मश्री १०२ होते. त्या १० पद्मभूषणांत चिपळुणास जन्मलेल्या आणि इंदुरास नांदलेल्या एका मराठी स्त्रीचें नांव होतें. त्या म्हणजे सोळाव्या लोकसभेच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन. हा सन्मान कसला आहे, तो ज्यांस मिळाला त्यांनीं काय केलें, आणि चौसाळ्यासारख्या गांवीं शिकणाऱ्या मुलामुलींचा त्याच्याशीं काय संबंध, या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत क्रमानें करावयाचा आहे.

प्रथम सन्मानाविषयीं. आपला बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या दरबारीं सरदारांस व अधिकाऱ्यांस 'जंग', 'दौला', 'मुल्क' अशा पदव्या मिळत. सरहद्दीपलीकडे इंग्रजी मुलखांत 'रावसाहेब', 'रावबहादूर', 'सर' असे किताब वांटले जात. किताब नांवाला जोडून मिरविला जाई, आणि तो धारण करणारा मनुष्य इतरांहून वरच्या पायरीवरचा ठरे. देणारा राजा आणि घेणारा त्याचा निष्ठावंत, असें तें नातें होतें. स्वतंत्र भारताची घटना करणाऱ्यांनीं हें नातेंच तोडून टाकलें. सैन्यांतील व विद्याक्षेत्रांतील मानचिन्हें वगळतां राज्यानें कोणासही कोणताही किताब देऊं नये, असें घटनेच्या १८ व्या अनुच्छेदानें ठरविलें. कायद्यापुढें सर्व नागरिक समान असें एकदां म्हटल्यावर नांवांनाच उच्चनीच पायऱ्या ठेवणें विसंगत झालें असतें.

तर मग राष्ट्रानें कर्तबगार माणसांचा गौरव करूंच नये काय? करावा, परंतु त्यानें कोणी इतरांहून वरचा ठरूं नये, असा मध्यम मार्ग काढण्यांत आला. १९५४ सालीं 'भारतरत्न' व 'पद्मविभूषण' हे सन्मान सुरू झाले. पद्मविभूषणाचे आरंभीं तीन वर्ग होते. त्यांस १९५५ सालीं पद्मविभूषण, पद्मभूषण व पद्मश्री हीं आजचीं नांवें मिळालीं. हा सन्मान म्हणजे राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि कमळाची आकृति असलेलें एक पदक, एवढेंच होय. त्यासोबत पैसा मिळत नाहीं, जमीन मिळत नाहीं, आगगाडीच्या प्रवासाची सवलतही मिळत नाहीं. इतकेंच नव्हे, तर हा शब्द नांवाच्या मागें किंवा पुढें लावण्याचीही मुभा नाहीं. या लेखाच्या मथळ्यांत सुमित्राताईंच्या नांवास 'पद्मभूषण' हा शब्द जोडलेला नाहीं, हें चौकस वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. तें अनवधानानें झालेलें नसून नियमास धरून आहे.

तरीही हे सन्मान म्हणजे आडमार्गानें आलेले किताबच होत, अशी शंका अनेकांनीं घेतली. १९७७ सालीं त्या वेळच्या सरकारनें ते बंद केले. १९८० सालीं ते पुन्हां सुरू झाले. पुढें हा वाद न्यायालयांत गेला, व १५ डिसेंबर १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हे सन्मान किताब नव्हेत आणि म्हणून ते घटनाविरुद्धही नाहींत. परंतु जो कोणी ते नांवाला जोडून मिरवील त्याचा सन्मान काढून घेतां येईल. गुणांचा आदर करणें समतेच्या विरुद्ध नाहीं, त्या आदराचें भांडवल करणें मात्र समतेच्या विरुद्ध आहे, असा या निर्णयाचा मथितार्थ सांगतां येईल.

नांवें निवडण्याची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. दरवर्षीं पंतप्रधान एक समिति नेमतात. मंत्रिमंडळाचे सचिव तिचे प्रमुख असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव व चार ते सहा नामवंत व्यक्ति तिच्यांत असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान व राष्ट्रपति यांच्या संमतीसाठीं जातात. एका वर्षांत साधारणतः १२० हून अधिक सन्मान दिले जात नाहींत. मरणोत्तर व परदेशस्थ व्यक्तींस दिलेले सन्मान या मर्यादेंत धरीत नाहींत. सेवेंत असलेले सरकारी नोकर, वैद्य व शास्त्रज्ञ सोडून, या सन्मानास पात्र नसतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, नांव सुचविण्याचा अधिकार केवळ मंत्र्यांस व खासदारांस नाहीं. तो प्रत्येक नागरिकास आहे. आपल्या शाळेंतील शिक्षक, बाजारांतील दुकानदार अथवा शेतांत राबणारी बाई, यांपैकीं कोणीही सरकारच्या संकेतस्थळावर नांव व कार्याचें वर्णन लिहून पाठवूं शकतें.

या याद्यांत लोकप्रतिनिधि स्त्रियांचीं नांवें आरंभापासून दिसतात. १९२७ सालीं मद्रासच्या कायदेमंडळाच्या उपाध्यक्षपदीं बसलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांस १९५६ सालीं पद्मभूषण मिळालें. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीं भारतांतील स्त्रियांच्या वतीनें राष्ट्रध्वज घटनासमितीस अर्पण करणाऱ्या हंसाबेन मेहता यांचा गौरव १९५९ सालीं झाला. मुंबईच्या विधानसभेंत काम केलेल्या, पण कोसबाडच्या आदिवासी मुलांच्या बालवाडीमुळें सर्वांस परिचित असलेल्या ताराबाई मोडक १९६२ सालीं मानकरी झाल्या. घटनासमितीच्या सभासद दुर्गाबाई देशमुख व त्यांचे पति, कोंकणचे चिंतामणराव देशमुख, या दोघांस १९७५ सालीं एकदमच पद्मविभूषण मिळालें. सुमित्राताईंचा सन्मान या परंपरेंतला आहे.

आतां त्यांच्या चरित्राकडे वळूं. पण त्यासाठीं आधीं आपल्या शेजारच्या एका गांवीं जाऊन यावें लागेल. चौसाळ्याहून मांजरसुंभ्यास जाऊन पश्चिमेकडे वळलें म्हणजे पाटोद्यावरून जामखेडचा रस्ता लागतो. त्या जामखेड तालुक्यांत चौंडी हें गांव आहे. तेथें ३१ मे १७२५ रोजीं माणकोजी शिंदे यांच्या घरीं अहिल्याबाईंचा जन्म झाला. पति खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यांत पडले, सासरे मल्हारराव होळकर १७६६ सालीं वारले, पुत्रही गेला, आणि १७६७ सालापासून १७९५ सालीं देह ठेवीपर्यंत माळव्याचा कारभार या आपल्या भागांतल्या लेकीनें महेश्वराहून चालविला. होळकरांच्या राज्यामुळेंच इंदूर व त्याच्या आसपास मराठी घराणीं स्थिरावलीं, आणि आजही त्या शहरीं मराठी बोलणारांची मोठी वस्ती आहे. सुमित्राताईंनीं अहिल्याबाईंस आपला आदर्श मानलें असून त्यांच्या जीवनावर 'मातोश्री' नांवाचें नाटकही लिहिलें आहे. चौंडीची मुलगी माळव्यांत गेली तशीच चिपळूणची मुलगीही तेथेंच गेली. फरक इतकाच कीं, पहिलीस राज्य सासऱ्यांकडून आलें, दुसरीस प्रत्येक अधिकार मतपेटींतून मिळवावा लागला.

सुमित्राताईंचा जन्म १२ एप्रिल १९४३ रोजीं चिपळूण येथील साठे यांच्या घरीं झाला. विवाहानंतर त्या इंदुरास आल्या. पति जयंत महाजन हे वकील होते. एम्. ए. व कायद्याची पदवी हें शिक्षण त्यांनीं इंदुरासच घेतलें. लोकसेवेस आरंभ झाला तो नगरपालिकेच्या दारांतून. नळाचें पाणी, गटारें, रस्त्यावरचे दिवे, कचरा, अशीं कामें जेथें रोज समोर येतात अशा त्या सभागृहांत त्या प्रथम नगरसेविका झाल्या, व १९८४ सालीं इंदूर महानगरपालिकेच्या उपमहापौर झाल्या. पुढच्याच वर्षीं विधानसभेच्या निवडणुकींत त्यांस अपयश आलें. पहिल्या मोठ्या परीक्षेंत हार खाल्ल्यावर अनेकजण मैदान सोडतात. सुमित्राताईंनीं तें सोडलें नाहीं. १९८९ सालीं त्या लोकसभेसाठीं उभ्या राहिल्या, आणि मध्यप्रदेशचे माजी मुख्यमंत्री व देशाचे माजी गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांस पराभूत करून निवडून आल्या.

तेव्हांपासून १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९ व २०१४ अशा प्रत्येक निवडणुकींत इंदूरच्या मतदारांनीं त्यांसच दिल्लीस धाडलें. एकाच पक्षातर्फें, एकाच मतदारसंघांतून, ओळीनें आठ वेळां लोकसभेवर जाणें हें स्त्रियांत पूर्वीं कोणासही साधलें नव्हतें. तीस वर्षें एका शहराचा विश्वास टिकविणें हें एका दिवसाच्या वक्तृत्वानें होत नाहीं. इंदुरांत त्यांस सर्वजण नुसतें 'ताई' म्हणतात. १९९९ ते २००४ या काळांत त्या केंद्रांत राज्यमंत्री होत्या, आणि मनुष्यबळविकास, दळणवळण व पेट्रोलियम अशीं खातीं त्यांनीं सांभाळलीं.

६ जून २०१४ रोजीं त्यांची लोकसभेच्या अध्यक्षपदीं बिनविरोध निवड झाली. त्यांच्या पूर्वीं या आसनावर बसलेल्या एकमेव स्त्री म्हणजे मीराकुमार. मराठी माणसांस हें आसन अपरिचित नाहीं: पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे गुजरातेंत वाढलेले मराठी गृहस्थ; नंतर आपल्या शेजारच्या लातूरचे शिवराज पाटील व मुंबईचे मनोहर जोशी हे तेथें बसून गेले. पण मराठी स्त्री तेथें प्रथमच बसली. हें आसन मानाचें खरें, तसेंच तें कठीणही आहे. अध्यक्ष एखाद्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो, पण आसनावर बसतांच त्यानें पक्ष विसरावा अशी अपेक्षा असते. कोणी केव्हां बोलावें, कोणता शब्द कामकाजांतून काढावा, कोणता प्रश्न घ्यावा, हें तो ठरवितो. मतदानांत तो भाग घेत नाहीं. दोन्ही बाजूंचीं मतें समसमान पडलीं तरच त्याचें मत निर्णायक म्हणून दिलें जातें. मार्च २०१६ मध्यें देशांतील सर्व विधानमंडळांतल्या व संसदेंतल्या स्त्री-सभासदांची परिषद दिल्लीस भरविण्यांत आली, ती सुमित्राताईंच्याच कारकिर्दींत. एप्रिल २०१९ मध्यें, वयाचीं ७५ वर्षें उलटल्यावर, आपण निवडणूक लढविणार नाहीं असें त्यांनीं जाहीर केलें, व नोव्हेंबर २०२१ मध्यें राष्ट्रपति रामनाथ कोविंद यांच्या हस्तें पदक स्वीकारलें.

सन्मान झाला म्हणून टीका संपली असें मात्र समजूं नये. २०१४ सालीं विरोधी पक्षनेत्याचें पद काँग्रेसला देण्यास त्यांनीं नकार दिला. ऑगस्ट २०१५ मध्यें गोंधळाच्या कारणावरून काँग्रेसच्या २५ सभासदांस पांच दिवसांसाठीं निलंबित केलें. नियमांचें पालन हें त्याचें समर्थन होतें. अध्यक्षांनीं सत्तापक्षाची बाजू घेतली असा विरोधकांचा आक्षेप होता. तसेंच, सत्तेवर असलेलें सरकार आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्यांस पदकें देतें, ही तक्रारही जुनी असून ती एकाच पक्षाच्या सरकारविषयीं झालेली नाहीं. समंजस नागरिकानें दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानीं धराव्या. पदक हा इतिहासाचा शेवटचा निकाल नव्हे. एका दीर्घ सेवेची राष्ट्रानें घेतलेली ती नोंद होय. आणि ज्याची नोंद घेतली त्याचें कार्य तपासण्याचा आपला अधिकार त्यानें कमी होत नाहीं.

आतां शेवटचा व आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. दिल्लींतील या सोहळ्याचें चौसाळ्यास काय?

स्त्रियांस निवडून देण्याच्या बाबतींत बीड जिल्हा कोणाच्या मागें नाहीं. राजुरी नवगणच्या केशरबाई क्षीरसागर १९८०, १९८४ व १९९१ अशा तीन वेळां येथून लोकसभेवर गेल्या. १९९६ सालीं रजनीताई पाटील निवडून आल्या, २०१४ च्या पोटनिवडणुकींत व पुन्हां २०१९ सालीं डॉ. प्रीतम मुंडे निवडून आल्या. केजच्या मतदारांनीं डॉ. विमल मुंदडा यांस १९९० पासून ओळीनें पांच वेळां विधानसभेवर पाठविलें, व त्या राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या. या सर्वांचा पक्ष व मार्ग एकच नव्हता. त्यांची तुलना करण्याचें हें स्थळ नव्हे. पण ज्या काळीं पुष्कळ मोठ्या शहरांतूनही एखादी स्त्री दिल्लीस जात नसे, त्या काळीं या कोरडवाहू जिल्ह्यानें एका खेड्यांतल्या बाईस तेथें धाडलें, ही गोष्ट अभिमानाची आहे. केशरबाईंस लोक 'काकू' म्हणत. राष्ट्रपतिभवनांतील सनद हा एक सन्मान. इंदुरानें 'ताई' व बीडानें 'काकू' म्हणणें हा दुसरा. या दुसऱ्या सन्मानासाठीं कोणतीही समिति बसत नाहीं.

परंतु याच जिल्ह्याची दुसरी एक नोंद आहे, आणि ती लिहितांना लेखणी अडखळते. २०११ च्या जनगणनेंत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर १००० मुलग्यांमागें मुलींची संख्या अवघी ८०७ भरली. महाराष्ट्रांतील कोणत्याही जिल्ह्याहून हा आंकडा कमी होता. दहाच वर्षांपूर्वीं तो ८९४ होता. जो जिल्हा स्त्रियांस खासदार करतो, त्याच जिल्ह्यांत मुलीस जन्मही नाकारला जावा, हें कोडें आहे. दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीस निघणाऱ्या गाड्यांतून कितीतरी मुली शाळा सोडून जातात, आणि कोंवळ्या वयांत त्यांचीं लग्नें होतात, हेंही आपण डोळ्यांनीं पाहतों. मोठ्या खुर्चीवर एक स्त्री बसविणें सोपें आहे, असें म्हणण्याची पाळी येते. सोपें नाहीं तें घरांत जन्मलेल्या मुलीस पहिल्या पायरीपर्यंत सुखरूप पोंचूं देणें.

सुमित्राताईंच्या चरित्राचा खरा बोध मला येथें दिसतो. त्यांच्या जीवनांतून लोकसभेचें आसन व राष्ट्रपतिभवनांतील पदक काढून घेतलें, तरी मागें उरतें तें एक नगरपालिकेचें सभागृह, एक हरलेली निवडणूक आणि पुन्हां उभें राहण्याची हिंमत. ती पहिली पायरी त्यांस मिळाली म्हणून पुढचें सारें घडलें. आज कायद्यानें ती पायरी खेड्यापाड्यांतही बांधून ठेवलेली आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून ग्रामपंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखल्या गेल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या. लोकसभेंत व विधानसभांत स्त्रियांस एकतृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्तीही २०२३ सालीं मंजूर झाली. २०२४ च्या निवडणुकींत लोकसभेच्या ५४३ जागांवर स्त्रिया निवडून आल्या त्या केवळ ७४, हें पाहिलें म्हणजे अशा नियमांची गरज कळते.

पण जागा राखून ठेवल्यानें आवाज राखला जातोच असें नाहीं. सरपंच म्हणून सही बाईनें करावी आणि कारभार तिच्या नवऱ्यानें पाहावा, हा प्रकार इतका रूढ झाला कीं त्यास 'सरपंचपति' असा एक शब्दच आपल्या भाषेंत पडला. हा शब्द कालबाह्य करणें कायद्याच्या हातीं नाहीं; तें आपल्या हातीं आहे. ग्रामसभेंत बाई बोलावयास उठली असतां तिला 'तुम्ही बसा, मालकांना बोलूं द्या' असें न म्हणणें, हा तिचा पहिला सन्मान होय. शाळेच्या स्नेहसंमेलनांत अध्यक्षांस हार घालण्यापुरती मुलगी पुढें न करतां सभा चालविण्यासाठीं तिला पुढें करणें, हा दुसरा. भावाच्या शिक्षणासाठीं बहिणीची शाळा न थांबविणें, हा तिसरा.

म्हणून पुढच्या २५ जानेवारीस यादी प्रसिद्ध होईल तेव्हां ती नुसती वाचून बाजूस ठेवूं नका. तिच्यांतील एका अपरिचित नांवाची माहिती काढा. ती व्यक्ति कोणत्या पहिल्या पायरीवरून निघाली तें शोधा, आणि आपल्या वर्गांत तें वाचून दाखवा. आपल्या पंचक्रोशींत अशी कोणी स्त्री तुमच्या ध्यानांत असेल, कीं जिनें पाण्यासाठीं, शाळेसाठीं वा दारूबंदीसाठीं वर्षानुवर्षें झिजून काम केलें, तर शिक्षकांच्या मदतीनें तिचें नांव कळविण्यास संकोच करूं नका; तो तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचा हक्क आहे. पदक मिळेल न मिळेल. पण तिचें काम लिहून काढतांना तुम्हांस तें प्रथमच नीट समजेल, आणि आपलें काम कोणीतरी पाहिलें हें तिला कळेल. आणि शेवटच्या बांकावर बसलेल्या ज्या मुलीचें नांव यंदाच्या ऊंसतोडीच्या हंगामांत हजेरीपटावरून कमी होण्याचा धोका आहे, तिच्या घरीं आजच जाऊन या.